कोल्त, नोंद ५ : तड्याचं कारण सापडलं, मऊ डाग रद्द

चौथा नमुना भट्टीतून निघाला आणि डाव्या पक्ष्याच्या मानेपाशी पुन्हा केसासारखा तडा. सलग तिसऱ्यांदा, त्याच जागी. पण या वेळी कारण हाती लागलंय.

नव्यांसाठी एवढंच : कोल्त म्हणजे कीव्हन रुसमधल्या (कीव्हभोवतीचं मध्ययुगीन राज्य) श्रीमंत स्त्रियांच्या शिरोभूषणाला कानशिलांपाशी लटकणारं पोकळ पदक. सोन्याचे दोन फुगीर अर्ध जोडलेले, समोर खोलगट भागात तारांच्या घरांत भरलेला मिना (भाजून बसवलेली रंगीत काच), वर चंद्रकोरीसारखी फट. आपला नमुना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या कोल्तावर बेतलेला आहे : जीवनवृक्षाच्या दोन बाजूंना दोन पक्षी.

संशय आधी मिन्यावर होता. भुकटी ८० जाळीची (इंचाला ८० छिद्रांच्या चाळणीतली), पाणी नितळ येईपर्यंत आठ वेळा धुतलेली, शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यात. त्यामुळे हिरवा सुरेख पारदर्शक उतरला, नमुना २ मधला दुधाळपणा गेला. तडा मात्र तसाच.

दोष धातूचा निघाला. खर्चासाठी सोन्याऐवजी ९९९ चांदी घेतली. तापल्यावर सोनं दर अंशाला साधारण १४ दशलक्षांश पसरतं, चांदी १९. मिना बराच कमी. थंड होताना चांदीचा ०.३ मिमी पत्रा मागून आकसतो, घुमट हलतो आणि ताण खोलगट भागाच्या काटकोनी कोपऱ्यात साठतो. मान नेमकी त्याच कोपऱ्याला चिकटून आहे.

उपाय तीन, तिन्ही एकदम हवेत. पत्रा ०.४ मिमी. खोलगट भागाचा कोपरा ठोकतानाच गोलसर ठेवायचा, ठशाची धार मारून. आणि मागच्या बाजूला उलटा मिना, समोरच्या इतकाच जाड. आत दिसत नाही, म्हणून उरलीसुरली मिसळ चालते. कडेचे २ मिमी कोरे ठेवा, तिवईवर टेकायला लागतात. तुकड्यावर करून पाहिलं : ७८० अंशांना दीड मिनिट, तीन थर, भट्टीच्या तोंडाशी सावकाश थंड. तडा नाही!

९२.५ टक्क्यांची चांदी इथे चालणार नाही. तिच्यातल्या तांब्यामुळे ती साधारण ८०० अंशांलाच वितळू लागते, म्हणजे भट्टीच्या आचेच्या फारच जवळ. काही दुकानांत ‘शुद्ध’ म्हणून तीच हाती देतात. पावतीवर ९९९ लिहून घ्या.

घरांच्या तारा जमल्या. ०.३ मिमी गोल तार रोलमधून दाबून ०.१ मिमी जाडीची पट्टी. चिकटवायला महागडा आयात डिंक नको : काष्ठौषधीच्या दुकानातला बिहीदाणा रात्रभर भिजवा, बुळबुळीत पाणी गाळून घ्या. जळताना राख उरत नाही, पट्टी हलत नाही. पक्ष्याचा डोळा दीड मिमीचा, पहिल्याच फेरीत उभा राहिला.

आता अडचण जोडाची. दोन्ही अर्ध मिना भरल्यावर डागायचे तर उलट्या मिन्याला पुन्हा आच लागणार. मऊ डागाचा (कमी आचेवर वितळणाऱ्या सांधायच्या धातूचा) विचार होता. लिहितालिहिता तो रद्द करतोय. बऱ्याच कोल्तांच्या कडेला मोत्यांची ओळ असे. तीच जोड का नको? मिन्याआधी दोन्ही कडांवर १.५ मिमीच्या नळ्या, बिजागरीसारख्या आलटूनपालटून. मग एक तार नळी-मोती-नळी अशी ओवायची. ५० मिमी व्यासाचा परीघ १५७, वरच्या फटीचे २५ वजा, उरले १३२. ३ मिमी मोती आणि नळी मिळून ४.५, म्हणजे २९ जोड्या : समोर १५ नळ्या, मागे १४. नथीसाठी मिळणारे बारीक मोती चालतील, पण ०.४ ची तार जाते का ते दुकानातच ओवून बघा.

नळ्यांना ८०० अंशांच्या आसपास वाहणारा, मिन्याच्या कामासाठीचा कडक डाग लावून मग मिना ७६० वर भाजायचा, असं सध्या ठरतंय. ४० अंशांचा फरक मऊ जातीच्या (कमी आचेवर वितळणाऱ्या) मिन्याला पुरेल का, ते आधी एका नळीवर.

आणि तार ओढली की कोल्त उघडेल. आत सुगंधी कापूस ठेवत असा एक अंदाज आहेच. अत्तराचा फाया घालून पाहता येईल.