फिजी आणि बायो-फॉरमॅट्स: ४६,००० पिक्सेल रुंद स्लाइड अखेर उघडली

मागच्या नोंदीत सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीची (स्लाइडची) मोठी डिजिटल प्रतिमा फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडताना अडलो होतो, तिथूनच सुरू करतो. सरावाची फाइल तीच, ओपनस्लाइड या स्लाइड वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नमुन्यांतली 'सीएमयू-१', एसव्हीएस या स्लाइड-फाइलच्या प्रकारातली. डिस्कवर जेमतेम १७७ एमबी. फिजीत फाइल, इम्पोर्ट, बायो-फॉरमॅट्स (अशा फाइली वाचणारं प्लगइन) असं जाऊन समोर येणाऱ्या चित्रांच्या यादीतलं पहिलं, सगळ्यात मोठं चित्र निवडलं की दरवेळी एकच उत्तर: प्रतिमा फार मोठी आहे, एका वेळी २ जीबीच डेटा काढता येईल.

दोन संध्याकाळी मेमरी वाढवण्यात गेल्या. ४ जीबीचे १२ केले, फिजी बंद करून पुन्हा चालू केलं, तरी तेच. मग कागदावर गुणाकार मांडला. ४६,००० गुणिले ३२,९१४ म्हणजे १५१ कोटी पिक्सेल, प्रत्येकाचे ३ बाइट, एकूण ४५४ कोटी. फिजी जावा या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं, आणि जावाच्या एका अ‍ॅरेत (ओळीने साठवलेल्या आकड्यांच्या यादीत) सुमारे २१४ कोटींपलीकडे घटक मावत नाहीत. रॅमचा इथे संबंधच नव्हता! १७७ एमबी हा जेपीईजीने दाबलेला आकार होता.

वाट त्या यादीतच होती. हीच प्रतिमा फाइलमध्ये तीन आकारांत साठवलेली असते. ११,५०० × ८,२२८ वर खूण केली आणि ऊतीचा अख्खा छेद (पातळ काप), गुलाबी-जांभळा, पडद्यावर आला. किती वेळ नुसता बघत बसलो.

बारकावे हवे असतील तर 'क्रॉप ऑन इम्पोर्ट', म्हणजे मोठ्या चित्राचा हवा तेवढाच तुकडा उघडायचा पर्याय. छोट्या चित्रावर जागा हेरायची आणि तिथले आकडे चौपट करून मोठ्या चित्रासाठी भरायचे. क्ष ३,००० असेल तर १२,०००. मी २,००० × २,००० चा तुकडा घेतला. मेटाडेटात (फाइलसोबतच्या माहितीत) एका पिक्सेलला ०.४९९ मायक्रॉन दिलेत, म्हणजे बाजू जवळजवळ एक मिलिमीटर. छोट्या चित्रावर मोजमाप करणार असाल तर आधी 'सेट स्केल' (पिक्सेल किती मायक्रॉनचा ते ठरवणारी खिडकी) उघडून बघाच: तिथे पिक्सेल साधारण २ मायक्रॉनचा हवा.

काल त्या तुकड्यावर 'कलर डीकन्व्होल्यूशन' चालवलं, म्हणजे छेदाला दिलेले रंग वेगवेगळ्या चित्रांत सुटे केले. त्याला आरजीबी प्रतिमाच लागते, म्हणून आधी इमेज, टाइप, आरजीबी कलर केलं. हिमॅटॉक्सिलिनच्या (केंद्रकांना जांभळा करणाऱ्या रंगाच्या) खिडकीत पेशींची केंद्रकं सुटी सुटी दिसली, काही मात्र एकमेकांना चिकटलेली. ती 'वॉटरशेड'ने (चिकटलेले आकार वेगळे करणाऱ्या आज्ञेने) वेगळी होतात का, ते या रविवारी बघतो. कोणी केलं असेल तर थ्रेशोल्ड (केंद्रक आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी उजेडाची मर्यादा) कुठला धरलात ते नक्की कळवा.