सौलारिसमधला सूर्य मावळला: नावांच्या वहीतली मोठी दुरुस्ती

मंडळी, आधी दुरुस्ती. पक्ष्यांची नावं कुठून आली ते मी एका वहीत नोंदवतो. दिवाळीच्या सुमारास टाकलेल्या नोंदीत मी दयाळाच्या, म्हणजे त्या काळ्यापांढऱ्या गाणाऱ्या पक्ष्याच्या, शास्त्रीय नावाबद्दल, म्हणजे कॉप्सिकस सौलारिसबद्दल, जे लिहिलं होतं ते चुकीचं आहे. ‘सौलारिस म्हणजे मुळात सोलारिस, सूर्याचा, लिहिताना लिनियसचा हात घसरला’ असं मी ठामपणे मांडलं होतं. (लिनियस म्हणजे हे शास्त्रीय नाव देणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ.) तुमच्यातल्या काहींनी ते आपापल्या गटांत पुढेही पाठवलं. कृपा करून आता पाठवू नका. गेले पाच आठवडे मी या एकाच शब्दामागे आहे, बाकीची वही तशीच पडून आहे, आणि काल रात्री पावणेबाराला गाठ सुटली. निदान तिचा मोठा पीळ तरी सुटला.

आपला नियम जुनाच: दोन स्वतंत्र पुरावे मिळेपर्यंत नोंद पेन्सिलीत. सौलारिस मात्र मी शाईनं लिहिलं, कारण ती व्युत्पत्ती थेट पक्षितज्ज्ञ थॉमस जर्डनची. भारतातल्या पक्ष्यांवरच्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा खंड १८६३चा. त्यात तो म्हणतो की, या पक्ष्याचा सनडायलशी, म्हणजे सावलीच्या घड्याळाशी, काही संबंध असावा असं लिनियसला वाटलं, म्हणून त्यानं ‘सोलारिस’ योजलं आणि लेखणीच्या चुकीनं त्याचं ‘सौलारिस’ झालं. जर्डन म्हणतोय म्हटल्यावर मी पुढे पाहिलंच नाही.

हे मी दुसऱ्यानं दिलेल्या उताऱ्यात वाचलं होतं. मूळ पान डोळ्यांनी बघावं म्हणून एका विक्रेत्याकडून पुनर्मुद्रित खंड मागवला. पंधरा दिवसांनी आला. बांधणी सुरेख, कागद जाड, आणि ११२ नंतर थेट ११७! मला हवं होतं ते ११६वं पानच नाही. जुने ग्रंथ मागणीनुसार छापून देणाऱ्यांकडून काही घेणार असाल तर आधी पानं मोजून मागा. माझं मत विचाराल तर घेऊच नका. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर हेच खंड फुकट वाचता येतात, आणि स्कॅन इतके स्वच्छ की कागदावरचे डागसुद्धा दिसतात.

तिथे पान मिळालं आणि सनडायलचा उगमही हाती लागला. एलियाझर अल्बिन या चित्रकारानं १७३७ साली हा पक्षी छापला तो ‘डायल-बर्ड’ या नावानं. हे ‘डायल’ घड्याळातलं नाहीच. ते आपलं दयाळ! हिंदीत दहियल, बंगालीत दोयेल (बांगलादेशाचा राष्ट्रीय पक्षी), मराठीत दयाळ, सगळी एकाच कुळातली नावं. इंग्रजी कानाला ते ‘डायल’ ऐकू आलं. पुढे फ्रेंच पक्षितज्ज्ञ ल व्हायाँ यानं ते खरंच घड्याळ समजून पक्ष्याचं नाव ‘काद्रां’ ठेवलं, म्हणजे फ्रेंचमध्ये सावलीचं घड्याळ. एका देशी शब्दाचा असा अनुवाद होत गेला आणि शेवटी जर्डनला लिनियसच्या नावातही सूर्य दिसला. मी स्वतः लहानपणापासून ‘दयाळ’चा संबंध दयेशी लावत आलोय. मराठीच्या रकान्यातली ती नोंद आज खोडली.

मग सौलारिस आलं कुठून? इथे चार आठवडे गेले. वाट दाखवली एडवर्ड ब्लाइथनं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात वीस वर्षं काढलेला हा माणूस. १८६५ सालच्या ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात त्यानं जर्डनचं म्हणणं खोडून काढलंय. त्याच्या मते सौलारिस हे ‘सौलरी’ या हिंदी शब्दाचं लॅटिन रूप, आणि सौलरी म्हणजे शंभर गाणी गाणारा. याच नावानिशी एक नर मद्रासहून लंडनला गेला होता. पाठवणारा एडवर्ड बल्कली, फोर्ट सेंट जॉर्जचा सर्जन; घेणारा जेम्स पेटिव्हर, औषधांचं दुकान चालवणारा आणि जगभरातून नमुने गोळा करणारा लंडनचा गृहस्थ.

एवढं वाचूनही मी अडून बसलो होतो, कारण एका बाजूला जर्डन, दुसऱ्या बाजूला ब्लाइथ, दोघंही मोठे. कोणाचं ऐकायचं? काल रात्री एका कागदावर नुसत्या तारखा एकाखाली एक लिहिल्या. पेटिव्हरची मद्रासच्या पक्ष्यांची माहिती जॉन रे याच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाला जोडून छापली गेली ती १७१३ साली. पेटिव्हर वारला १७१८ साली. अल्बिनचा ‘डायल-बर्ड’ १७३७चा. लिनियसनं ग्रॅक्युला सौलारिस हे नाव दिलं १७५८ साली (त्यातल्या ग्रॅक्युलाच्या जागी कॉप्सिकस नंतर आलं). म्हणजे ‘सौलरी’ हा शब्द पक्ष्यासोबत लंडनला पोहोचला तेव्हा इंग्रजी छपाईत ‘डायल’ अजून यायचाच होता! लिनियसला सूर्याची गरज नव्हती, लेखणीही घसरली नव्हती. मिळालेल्या देशी नावाला त्यानं लॅटिन शेपूट जोडलं, इतकंच. मी जोरात ‘सापडलं’ म्हणालो तेव्हा शेजारच्या खोलीतून आईनं विचारलं, चष्मा का?

ज्यांना १७१३चा ग्रंथ चाळायचा आहे त्यांच्यासाठी एक खूण: त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मध्ये येणारा ‘एस’ लांब असतो आणि शोधयंत्र तो ‘एफ’ समजतं. मद्रासपटणाचं लॅटिन रूप मी सरळ टंकून शोधत होतो आणि उत्तर शून्य येत होतं. ‘एस’च्या जागी ‘एफ’ घातल्यावर नोंदी भराभर वर आल्या. ही युक्ती आधी सुचली असती तर एक अख्खा आठवडा वाचला असता.

आता उरलेला पीळ. ‘सौ’ आपल्याला लगेच ऐकू येतो, पण ‘लरी’? आमच्या मजल्यावर मथुरेच्या एक काकू राहतात. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘लर म्हणजे माळेचा सर, भैया, लड़ी.’ शंभर सरांचा गळा, असा अर्थ लावायचा मोह होतो. ही नोंद मात्र पेन्सिलीतच राहील. आणि मद्रासच्या पक्ष्याला हिंदी नाव का, हाही प्रश्न आहेच. तमिळ किंवा तेलुगू जाणणारं कोणी इथे असेल तर त्या भाषांत यासारखं नाव आहे का ते जरूर सांगा.

आज पहाटे साडेपाचला समोरच्या इमारतीच्या टाकीवर नर येऊन बसला. छाती काळीभोर, पोट आणि पंखावरची पट्टी पांढरी. प्रत्येक तानेच्या शेवटी शेपटी झटकन उभी. मी अकरा मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रण केलं आणि नंतर वेगवेगळ्या ताना मोजल्या. एकोणीस भरल्या, शिवाय एकदा त्यानं शिक्र्याची हाक हुबेहूब काढली. शंभर म्हणणारा माणूस नीट कान देऊन ऐकणारा असणार. प्रजातीनाव कॉप्सिकस मात्र साधं आहे: ग्रीकमध्ये तो कस्तुरासारख्या काळ्या पक्ष्यासाठी वापरायचा शब्द, १८२७ साली वागलरनं दिलेला.

मधल्या काळात दोनच नोंदी पक्क्या झाल्या. शिंपी, म्हणजे ऑर्थोटोमस सुटोरियस. लॅटिनमध्ये ‘सुटोर’ म्हणजे चांभार. पानं टाचणाऱ्या त्याच पक्ष्याला आपण शिंपी म्हटलं आणि पेनंटनं १७६९ साली चांभार. दुसरी लाल मुनिया, अमंडावा अमंडावा. हे अहमदाबादचं रूप. पिंजऱ्यांतून हे पक्षी त्या शहरातून बाहेर जात, म्हणून शहराचं नावच पक्ष्याला चिकटलं, आणि लिनियसनं तेही जवळपास जसंच्या तसं उचललं.

हे लिहिता लिहिताच बेत बदलला. वही कुळवार लावायची असं ठरलं होतं, गिधाडांपासून सुरुवात करणार होतो. आता ते मागे ठेवतोय. आधी एक वेगळा भाग करणार: शास्त्रीय नावांत शिरलेले देशी शब्द. सौलारिस आणि अमंडावा झाले. तुरेवाल्या चंडोलाच्या उपजातीत ‘चेंडूला’ बसलाय, फ्रँकलिननं १८३१ साली दिलेला. त्यात आपला चंडोल ऐकायला वेगळे कान लागत नाहीत. आणि खरी खाण आहे कर्नल साइक्सच्या १८३२च्या यादीत, जी आपल्या दख्खनच्याच पक्ष्यांची आहे. पांढऱ्या धोब्याच्या उपजातीचं ‘दुखुनेन्सिस’ म्हणजे दख्खनचा. घारीच्या उपजातीला त्यानं चक्क ‘गोविंदा’ म्हटलंय. आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीला गोविंदा का, ते अजून मला उमगलेलं नाही. कोणाच्या गावात घारीला असं काही म्हणत असतील तर कळवा, मला फार उपयोग होईल. राखी सातभाईचं ‘माल्कमी’ मात्र या भागात येणार नाही. ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून आहे, त्याला माणसांच्या नावांच्या रकान्यात जागा.

साइक्सची यादी उतरवायला रविवारपासून बसतोय. मूळ पानांचे स्कॅन काढून ठेवलेत, यावेळी पानं आधी मोजली. सगळी आहेत.