मोरचुदातलं पाणी

वरुड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये पावसाळ्याच्या तोंडावर खोडं रंगवायचं काम निघतं. एक किलो मोरचूद (म्हणजे निळं कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, चुना दुसरीत, मग दोन्ही एकदमच तिसरीत ओतायचं नि काडीनं ढवळत राहायचं. झाली बोर्डो पेस्ट. खोडाला कमरेइतकी फासली की डिंक्याला, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगाला, आळा बसतो. लोखंडी बादली कोणी घेत नाही. काहून, असं विचारलं तर "भोक पडते" एवढंच उत्तर.

पेस्ट जमली की नाही, हे पाहायला आमचे मोठेबाबा विळा बुडवतात. घटकाभरानं काढला नि पात्यावर तांबूस थर दिसला, की अजून चुना घालायचा. पातं जसंच्या तसं निघालं, तर माल तयार. नववी-दहावीच्या पुस्तकात याला विस्थापन म्हणतात. लोखंड द्रावणात उतरतं आणि त्याला आपली जागा देऊन तांबं बाहेर, पात्यावर येऊन बसतं. चुना पुरेसा असला की तांबं चुन्यासोबतच अडकतं, विळ्यावर यायला मोकळं उरत नाही. बादलीचं भोकही याच हिशोबातलं. मोठेबाबांची शाळा चौथीत सुटली, पण हा प्रयोग त्यांनी आमच्या विज्ञानाच्या सरांपेक्षा जास्त वेळा केला आहे, आणि कामापुरता केला आहे.

मोरचुदाचं सूत्र मोठेबाबांचा नातू घोकत होता. सीयू, एसओफोर, मग एक टिंब, मग पाच एचटूओ. मला त्या सूत्रातलं टिंब सगळ्यात आवडतं. तांबं लालसर, गंधक पिवळं, ऑक्सिजनला रंगच नाही, आणि तिघांचं मिळून होतं ते पांढरं भुकटं. हो, पांढरं! निळा रंग येतो तो टिंबापलीकडच्या पाण्यामुळे. मोरचुदाचा बारीक खडा जुन्या पळीत धरून चुलीवर तापवला, की आधी कडा फिक्या पडतात, मग आतला निळा गाभा आक्रसत जातो, शेवटी राखेसारखं काही उरतं. त्यावर थेंबभर पाणी सोडलं की निळाई परत. (ती पळी पुन्हा स्वयंपाकात न्यायची नाही, विष आहे ते.)

त्यातही सूत्राची खरी गंमत वजनात आहे. अणुभार मांडून बेरीज केली तर एका किलो मोरचुदात तांबं साधारण २५० ग्रॅम, आणि पाणी ३६० ग्रॅम. खडा हाताला कोरडा ठणठणीत लागतो, तरी. हे ऐकून मोठेबाबा बाजेवर उठून बसले.

"म्हंजे पाणी इकत घेतो काय बे आपन?"

"आबाजी, ते पाणी त्याच्यातच असते. निसर्गानंच टाकलं," नातू म्हणाला.

"दूधवालाबी असंच म्हनते."

बोर्डोचं नाव फ्रान्समधल्या बोर्डो भागावरून आलं. तिकडे रस्त्याकडेच्या द्राक्षांना वाटसरूंनी हात लावू नये म्हणून मळेवाले हे निळं फासत. त्या वेलींवर केवडा रोग पडत नाही, हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञानं हेरलं आणि १८८५ मध्ये छापलं. चोर किती थांबले, देव जाणे.

वजनाचा हाच हिशोब खताच्या पोत्यांनाही लावता येतो. युरियाचं गणित सरळ आहे. पोत्यावर ४६ टक्के नत्र लिहिलेलं असतं आणि सूत्रातूनही तेवढंच निघतं, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात वीस-एकवीस किलो नत्र. डीएपी मात्र बेरकी. त्याच्या पोत्यावरच्या १८:४६ मधले १८ टक्के नत्राचे, आणि ४६ हे निव्वळ स्फुरदाचे, म्हणजे फॉस्फरसचे, असं कास्तकार धरून चालतो. ते असतात पीटूओफाइव्हचे, म्हणजे फॉस्फरस आणि ऑक्सिजन मिळून. आणि पोत्यात पीटूओफाइव्ह नावाचं काही नसतंच! जुन्या रसायनतज्ज्ञांची मोजायची रीत ती, जगभर तशीच चालू राहिली. सुट्टा फॉस्फरस काढला तर ५० किलोच्या पोत्यात दहा किलोच्या आसपास. यात फसवणूक नाही, झाडाला जे मिळायचं ते मिळतंच. पण हा हिशोब मी मोठेबाबांना अजून सांगितलेला नाही. पेरणी तोंडावर आहे, आणि कृषी केंद्रवाल्याकडे आमची उधारी चालते.