ड्यूकचा शूटर आणि शार्लटची चौथी निवड

नॉर्थ कॅरोलायनात घर घेतलं की शेजारी आधी एकच चौकशी करतात: गडद निळे की फिकट निळे? गडद म्हणजे डरहमचं ड्यूक विद्यापीठ, फिकट म्हणजे चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. दोन्ही कॅम्पसमध्ये अंतर जेमतेम दहा मैलांचं आणि वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. आम्ही राहतो केरीत, दोन्ही ठिकाणांपासून गाडीने अर्ध्या तासावर. माझा मुलगा शाळेतल्या मित्रांच्या नादाने गडद निळा झाला, म्हणून सगळं घरच झालं. कॉलेजच्या पोरांच्या बास्केटबॉल सामन्यावर अख्खं राज्य जीव टाकतं हे पुण्या-मुंबईत बसून खरं वाटणार नाही. इथे मार्चमध्ये ऑफिसच्या मीटिंगासुद्धा सामन्यांच्या वेळा बघून लागतात.

२०२५ च्या २५ जूनला ब्रुकलिनमध्ये एनबीएचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, ड्राफ्ट झाला (संघांनी नवी मुलं निवडायचा कार्यक्रम) आणि ड्यूकची तीन मुलं पहिल्या दहात गेली. कूपर फ्लॅग पहिला, डॅलसला. तो जाणारच होता, त्यात उत्सुकता कसली. आमच्या घरात वाट बघणं चाललं होतं ते कॉन कनिपलच्या नावाची. मिलवॉकीचा मुलगा, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, ड्यूककडून एकच वर्ष खेळलेला, आणि ओळख एकच: शूटर, म्हणजे लांबून अचूक बॉल टाकणारा. चौथ्या क्रमांकावर आमच्याच राज्यातल्या शार्लट हॉर्नेट्सने त्याला घेतलं. मुलाने आरडाओरडा केला, आणि ऑफिसातल्या चॅपल हिलवाल्याचा मला तेवढ्यात मेसेज आला: 'अभिनंदन! शार्लटला आणखी एक मॉरिसन मिळाला.'

त्या मॉरिसनवर येतोच. बाबा सध्या साताऱ्याहून इथे आलेत, तेही सोफ्यावर होते. त्यांचा पहिला प्रश्न, "अरे, पण बोली कुठे लागली?" आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या माणसाला हे चमत्कारिकच वाटणार. इथे बोलीच नसते. आदल्या हंगामात ज्यांची धूळधाण झाली त्या संघांची सोडत निघते, त्यातून क्रम ठरतो, आणि त्या क्रमाने एकेक संघ मुलं उचलतो. पगारही निवडीच्या क्रमांकाप्रमाणे जवळपास ठरलेला. पोराला कुठे जायचंय हे कुणी विचारत नाही. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि मग नेमका प्रश्न टाकला, "आणि नुसता लांबून मारतो, एवढ्यावर देशात चौथा?"

हा प्रश्न स्काउट लोकांनाही, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांनाही, दर वर्षी पडतो. कॉलेजात धडाधड थ्री-पॉइंटर (ठरलेल्या रेघेबाहेरून मारलेले तीन गुणांचे शॉट) मारणारा मुलगा एनबीएत टिकेल का, हे ओळखण्यात भलेभले फसलेत. त्याचं एक कारण अगदी जमिनीवर आखलेलं आहे. एनबीएची थ्री-पॉइंटची रेघ बास्केटपासून पावणेचोवीस फुटांवर असते, कोपऱ्यांत २२ फुटांवर. २००८ पर्यंत कॉलेजची रेघ होती पावणेवीस फुटांवर. म्हणजे तब्बल चार फुटांचा फरक. कॉलेजात हातखंडा झालेला शॉट पोराला एनबीएत नव्याने बसवावा लागायचा. २०१९ पासून पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ही रेघ २२ फूट पावणेदोन इंचांवर आली. कनिपलला त्यामुळे दीड फुटाच्या वर थोडं सरकायचंय, एवढंच.

दुसरी अडचण आकड्यांची. त्याचे ड्यूकमधले थ्री ४०.६ टक्के. ऐकायला जबरदस्त. पण एका हंगामात असे प्रयत्न होतात दोनशेच्या आसपास. त्यांतले सात-आठ बॉल रिंगवर नाचून आत पडायच्या ऐवजी बाहेर पडले, तर चाळीसचे छत्तीस होतात. म्हणजे उत्तम शूटर आणि ठीकठाक शूटर यांच्यातला अख्खा फरक सात-आठ बॉलच्या नशिबावर. म्हणून जाणकार आधी फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचा, रकाना उघडतात. पंधरा फूट अंतर, समोर हात आडवा घालणारं कुणी नाही, प्रत्येक वेळी तोच शॉट. हाताची बैठक खरी किती पक्की आहे ते तिथे उघडं पडतं. कॉलेजात थ्री बेताचे पण फ्री थ्रो उत्तम असलेली मुलं पुढे शूटर म्हणून सुधारतात, आणि थ्री झकास पण फ्री थ्रो सत्तरच्या आत असेल तर शंका घ्यावी, असा इथला साधारण अनुभव. कनिपलचे फ्री थ्रो ९१.४ टक्के. माझ्या मते त्याच्या सगळ्या आकड्यांत हाच एक आकडा डोळे मिटून विश्वास ठेवण्यासारखा.

बाकीचं डोळ्यांनीच बघावं लागतं. ड्यूकचं कॅमेरॉन इनडोअर म्हणजे जेमतेम साडेनऊ हजार माणसांचं जुनं सभागृह. मोठ्या सामन्यांसाठी विद्यार्थी आठवडेच्या आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात. आम्हा संसारी लोकांना तिकीट मिळायचं ते कुणाची तरी मेहेरबानी झाली तर. एकदा तशी झाली आणि आम्ही मुद्दाम लवकर जाऊन सराव बघत बसलो. मुलाचं लक्ष बॉलवर. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, बॉल बघू नका, बूट बघा. मग मी बूट बघायला लागलो. चांगल्या शूटरचे पाय बॉल हातात यायच्या आधीच लागलेले असतात. सहकाऱ्याच्या आडोशाने वळसा घालून येताना आतला पाय टेकतो, तो टेकला की कंबर बास्केटकडे वळते, दुसरा पाय शेजारी येतो, आणि बॉल ओंजळीत पडतो तेव्हा गुडघे वाकलेलेच असतात. बॉल पोटापाशी नेऊन मग वर काढायचा वेळ नाही; एनबीएत तेवढ्यात सात फुटी माणसाचा हात तोंडासमोर येतो. उभ्या उभ्या मोकळे शॉट मारणारे ढिगाने असतात. असं पळत येऊन मारणारा विरळा.

आता मॉरिसन. २००६ साली देशात दोनच नावं गाजत होती, गोन्झागा विद्यापीठाचा अ‍ॅडम मॉरिसन आणि ड्यूकचा जे. जे. रेडिक. मॉरिसनचे सामन्यामागे २८.१ गुण, रेडिकचे २६.८. मायकल जॉर्डनने ड्राफ्टच्याच महिन्यात शार्लटच्या संघात हिस्सा घेतला होता आणि खेळाडू निवडायची सूत्रं त्याच्या हातात आली होती. त्यांची निवड तिसरी. त्यांनी मॉरिसनला घेतलं. रेडिक अकराव्या क्रमांकावर ऑर्लँडोला गेला. स्काउटांच्या मते तो बुटका, हात आखूड, बचावात कच्चा.

मॉरिसनची सगळी करामत बॉल स्वतःच्या हातात असताना, अवघड कोनांतून. तुमच्यापेक्षा उंच आणि चपळ माणूस समोर आला की ते शॉट आधी आटतात. पहिल्या वर्षी त्याचे ३७.६ टक्केच शॉट पडले, पुढच्या मोसमाआधी गुडघा गेला, आणि एकूण १६१ सामन्यांत कारकीर्द आटोपली. लॉस एंजेलिसच्या लेकर्सबरोबर त्याला दोन विजेतेपदाच्या अंगठ्या मिळाल्या, पण त्या बाकावरून. रेडिकचीही सुरुवात वाईटच होती, पहिली दोन वर्षं त्याला धड खेळायलाच मिळालं नाही. पण त्याच्या शॉटला बॉल हातात घोळवत बसायची गरज नव्हती. तो पळायचा, आडोसे वापरायचा, मिळाला की मारायचा. बचावात योग्य जागी उभं राहणं त्याने शिकून घेतलं. पंधरा हंगाम खेळला, थ्री ४१.५ टक्क्यांनी. आता तो लेकर्सचा मुख्य प्रशिक्षक आहे. गंमत म्हणजे त्याचे ड्यूकच्या चार वर्षांतले थ्री ४०.६ टक्केच, कनिपलइतकेच. पण ते अकराशेहून जास्त प्रयत्नांतले. तो आकडा नशिबाचा म्हणता येत नाही.

बचावाचा मुद्दा इथे फार निर्दयपणे चालतो. समोरचा संघ तुमच्यातला सर्वांत मंद माणूस हेरतो आणि स्क्रीन (सहकाऱ्याचा आडोसा) लावून लावून आपला सर्वोत्तम खेळाडू त्याच्यासमोर आणून उभा करतो. पुन्हा पुन्हा, त्याच माणसावर. शूटरने एका टोकाला कमावलेले गुण दुसऱ्या टोकाला गेले की प्रशिक्षक त्याला बाकावर बसवतो, मग टक्केवारी काहीही असो. कनिपलबद्दल खरी शंका हीच आहे. हात उंचीच्या मानाने लांब नाहीत, पायांत वीज नाही. पण अंगाने दणकट आहे, धक्क्याने सरकत नाही. आणि मार्चमध्ये शार्लटलाच झालेल्या एसीसी स्पर्धेत (ड्यूक आणि चॅपल हिल ज्या गटात खेळतात त्याची स्पर्धा) फ्लॅगचा घोटा मुरगळल्यावर याने बॉल हातात घेऊन, दुसऱ्यांना पास देऊन संघ चालवला, सेमीफायनलला फिकट निळ्यांना हरवलं, स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नुसत्या शूटरकडून हे होत नाही. चॅपल हिलवाल्याला मी हेच लिहून पाठवलं. त्याने अंगठा दाखवला, खालच्या दिशेचा.

तसे अंदाज चुकायची उदाहरणं दोन्ही बाजूंची आहेत. पुढे एनबीएचा सर्वांत नावाजलेला शूटर झालेला स्टीफन करी याच शार्लटमध्ये वाढला, बाप तिथल्याच हॉर्नेट्सचा शूटर. कॉलेज केलं ते शार्लटजवळच्या छोट्याशा डेव्हिडसनमध्ये, कारण मोठ्या विद्यापीठांना पोरगा किडकिडीत वाटला. २००९ ला त्याच्याआधी सहा जण गेले, त्यांतले दोन मिनेसोटाने लागोपाठ घेतलेले गार्ड, म्हणजे त्याच्याच जागेवर खेळणारे. शार्लटची पाळी बारावी होती, त्यांच्यापर्यंत तो आलाच नाही. आणि काइल कॉर्व्हर हा शूटर तर २००३ ला ५१वा. न्यू जर्सीने घेतला आणि लगेच फिलाडेल्फियाला सव्वा लाख डॉलरला विकून टाकला. त्या पैशांतून त्यांनी उन्हाळी स्पर्धेची फी भरली आणि ऑफिससाठी एक झेरॉक्स मशीन घेतलं. कॉर्व्हर सतरा हंगाम खेळला. बाबांना त्या रात्री सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

आता शार्लटचं म्हणाल तर २०२४-२५ च्या मोसमात ते १९ जिंकले, ६३ हरले. २०१६ नंतर तोवर प्लेऑफ (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्या) पाहिलेला नव्हता. अशा संघात नवख्या मुलाला खेळायला मिनिटं भरपूर मिळतात, हा कनिपलचा फायदा. करारातली पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं आणि चौथं संघाच्या मर्जीवर. मी असतो तर चौथ्या क्रमांकावर त्यालाच घेतलं असतं, पण 'दुसरा करी' म्हणून नाही. रेडिकपेक्षा अंगाने भक्कम, पास जास्त चांगला देणारा शूटर म्हणून. केरीहून शार्लट गाडीने अडीच तास, आणि हरणाऱ्या संघाची तिकिटं खिशाला परवडतात. ऑक्टोबरात मोसम सुरू झाला की एक शनिवार काढायचा, असं मुलाशी ठरलंय.