आमची वाटचाल : 48 पानं, 3 फर्मे

आमच्या प्रेसच्या दारात जुनं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, उभं आहे. शोभेला ठेवलेलं नाही. पायडल मारलं की आजही त्याचा जबडा उघडमीट करतो. वडिलांनी 1981 साली कोल्हापूरच्या शाहूपुरीत ते बसवलं तेव्हा लग्नपत्रिका, बिलबुकं आणि निवडणुकीची हँडबिलं एवढाच धंदा होता. शाळेतून आलो की छापून झालेला मजकूर सोडवून खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, परत केसमध्ये, म्हणजे खणांच्या पेटीत, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे, हे माझं काम. आमचे खिळेजुळारी मामा डाव्या हातात अक्षरं लावायची पट्टी, म्हणजे स्टिक, धरून उभ्यानं जुळणी करायचे. उजवा हात न बघता बरोबर खणात जायचा. प्रूफ निघालं की मजकूर आणणाऱ्यालाच हाक मारायचे, "खाली तुझं नाव हाय न्हवं? मग तूच वाच." गिऱ्हाईक कितीही मोठं असो, वाचल्याशिवाय मामा फर्मा, म्हणजे छपाईसाठी चौकटीत कसलेली जुळणी, बांधत नसत. आम्ही पुढं जे काही केलं ते या सवयीतून आलं.

ऑफसेट छपाई आली, संगणकावरची जुळणी म्हणजे डीटीपी आलं, खिळे वजनावर भंगारात गेले. एक केस तेवढी मी ठेवली. मधली वर्षं बरी गेली.

2009 साली मी आणि माझ्या भागीदारानं ठरवलं की वर्षाला चार पुस्तिका तरुण मुलामुलींच्या काढायच्या, आणि त्यांच्याकडून एक पैसा घ्यायचा नाही. डेमी आकार, 48 पानं, म्हणजे एका कागदावर 16 पानं याप्रमाणे 3 फर्मे. 500 प्रतींना 1500 कागद, म्हणजे 3 रीम, वर थोडी वायाची तजवीज आणि मुखपृष्ठाचं कार्ड वेगळं. लिहिणाऱ्याला 50 प्रती, बाकी विक्री आमची. विषय एकच, आपल्या गल्लीत किंवा गावात जे चुकीचं चाललंय ते. याच गावच्या शाहू महाराजांनी डॉ. आंबेडकरांच्या 'मूकनायक'ला 2500 रुपयांची मदत केली, 1920 साली. त्या वेळी ती रक्कम केवढी होती, याचा विचार करा. त्या गावातल्या छापखान्यानं 3 रीम कागद द्यायला कुरकूर करू नये, असं मला वाटलं.

आता ज्यानं आम्हाला बुडवायला आणलं त्याच्याबद्दल. नाव घेत नाही. हा मुलगा आमच्याकडेच पेजमेकिंग, म्हणजे पानांची मांडणी, शिकला. सहा वर्षं होता, जेवायला आमच्याच घरी. 2016 साली स्वतःचा धंदा काढला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जाताना आमच्या लिहिणाऱ्या मुलांचे फोन नंबर घेऊन गेला आणि त्यांना 'प्रातिनिधिक संग्रहा'त घेतो म्हणून सांगू लागला. डोकी 60, प्रत्येकी 1500 रुपये, वर एक प्रमाणपत्र आणि ट्रॉफी. हिशोब तुम्हीच करा, 90,000 होतात. पुस्तक छापलं 100 प्रती. प्रत्येकाला एक दिली, उरलेली कुठं गेली ते कुणाला ठाऊक नाही. कागलचा एक पोरगा ते घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या कवितेखाली दुसऱ्याचं नाव आणि दुसऱ्याच्या कवितेखाली त्याचं. वडिलांनी दूध संस्थेचं बिल आल्यावर त्यातून पैसे दिले होते. तो रडला नाही, पण त्यानंतर दोन वर्षं त्यानं काही लिहिलं नाही, आणि हे मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही.

वर त्यानं बाजारात पसरवलं की आमचा "चळवळीवाल्यांचा छापखाना" आहे, तिथं छापलं तर पोरांना नोकरीत अडचण येईल. अकरा वर्षं आमच्याकडे असलेला एका कॉलेजचा वार्षिक अंक 2018 मध्ये काढून घेतला गेला. कारण कुणी सांगितलं नाही. वर्षाचं निम्मं भाडं त्या अंकावर निघत होतं.

त्यात 2019 चा महापूर. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. त्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या दुकानात छातीएवढं पाणी आठवडाभर होतं. भिजलेली रीम आधी फुगते आणि वाळली की पुठ्ठ्यासारखी एकसंध होते, कागद सुटा होत नाही. अशा 17 रीम मी कोंडाळ्याजवळ रचल्या. भागीदार म्हणाला, "विकून टाकूया." त्याचं चुकलं नव्हतं. त्याच्या मुलीचं लग्न होतं, मी त्याचा हिस्सा हप्त्यानं दिला.

तेव्हा आमचे गडहिंग्लजकडचे गुरुजी आले. निवृत्त शिक्षक. पहिल्या पुस्तिकेपासून प्रत्येकीच्या 25 प्रती रोख घेणारे, आणि त्या एसटीनं हिंडत वाडीवाडीतल्या शाळांत देणारे. टेबलावर पाकीट ठेवून म्हणाले, "पुढच्या चार पुस्तिकांचे आगाऊ." मी म्हटलं, गुरुजी, पुस्तिका तर नाहीतच. "होतील की," म्हणाले आणि चिखलातनं पाय उचलत निघून गेले. त्या पैशात पहिला कागद आला.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. काही दिवसांनी त्याच तालुक्यातली एक मुलगी वही घेऊन आली. पहिली तीन पानं नुसती 'अनिष्ट रूढी नष्ट झाल्या पाहिजेत'. मी विचारलं, "तू स्वतः काय बघितलंस?" म्हणाली, आत्याच्या बांगड्या फोडताना दगड मनगटावर बसला, खूण अजून आहे. "फोडल्या कुणी?" ती गप्प. मग म्हणाली, "काका, शेजारच्या बायकांनीच. रोज भेटतात मला त्या."

ते लिहायला तिला दीड महिना लागला. प्रूफ घेऊन ती त्याच बायकांत बसली आणि वाचून दाखवलं. एकीनं नाव काढायला सांगितलं, काढलं. एकीनं सांगितलं की दगड नव्हता, पाट्याचा वरवंटा होता. तेही दुरुस्त केलं. दुसरी आवृत्ती आम्ही सात महिन्यांत काढली.

लिहिणाऱ्या पोरांनो, छापून येण्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. आकडा लिहिला तर त्याचा कागद जवळ ठेवा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला आधी वाचून दाखवा. नव्या प्रेसवाल्यांनाही एक सांगतो. मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापायची सक्ती 1867 च्या कायद्यानं होती. त्याच्या जागी आलेला 2023 चा नवा कायदा नियतकालिकांपुरता आहे, म्हणून बरेच जण पुस्तकातली ती ओळ गाळायला लागलेत. आम्ही गाळत नाही. पोरगं स्वतःच्या नावानं बोलतंय, तर आपलंही नाव तिथं असायला हवं.

कागलचा तो पोरगा यंदा परत आलाय. वीटभट्टीवरच्या मुलांच्या शाळेबद्दल लिहिलंय, अजून 40 पानांच्या पुढं गेलेलं नाही. गुरुजींचं वय झालं, एसटीचा प्रवास झेपत नाही, तरी 25 चे पैसे त्यांनी नातवाकडून पाठवलेत.