बघू या, काका

जानेवारी ते मार्च, द्राक्षांच्या हंगामात, मी बडोद्याहून नाशिकला बस नेतो. दोन दिवसांत त्र्यंबकेश्वर, वायनरी, पांडवलेणी आणि परतीच्या वाटेवर वणीचा गड. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे बस रिकामी जात नाही.

क्रम मी अनुभवातून लावलाय. आधी त्र्यंबकचं दर्शन, मगच गंगापूर धरणाकडची वायनरी. उलटं केलं की अर्धे लोक देवळाबाहेर बसून राहतात. मळ्यात तोडणी चालू असली तर परवानगी काढून प्रत्येकाला एक मणी चाखायला देतो. आपण खातो ती थॉम्सन बिनबियांची. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, बिया असलेलं. चिरडलं तर काळ्या द्राक्षाचाही रस बहुधा पांढुरकाच निघतो. लाल वाइनला रंग येतो तो सालीमुळे. हे हाताने करून पाहिलेला माणूस पेला घटाघट रिकामा करत नाही. वायनरीत माहिती सांगणारी मुलं पाठ केलेलं इंग्रजी बोलून मोकळी होतात, याचा मला राग येतो. समोर सगळी मराठी माणसं बसलेली असतात!

परतताना हातगडच्या अलीकडे बस थांबवून सगळ्यांच्या बॅगा उघडायच्या, हा माझा नियम. पुढे सापुतारा, म्हणजे गुजरात. एकाची बाटली सापडली की ड्रायव्हरसकट सगळे अडकतात.

या फेब्रुवारीत बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक काका एकटेच आले होते, वय ७८. वायनरीत ते खाली उतरलेच नाहीत. बुकिंगच्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं होतं, "कवळाण्याला जमेल का रे?" मी म्हणालो, "बघू या, काका." कवळाणे मालेगाव तालुक्यात. सयाजीराव महाराज १८६३ साली तिथे जन्मले, गोपाळराव म्हणून, आणि १८७५ मध्ये दत्तक होऊन बडोद्याला आले. नाशिकहून तिथे जाऊन यायचं तर दिवस मोडतो. जमणार नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

हातगडला त्यांच्या बॅगेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. काच होती.

"काका, तुम्हीसुद्धा?" माझा आवाज चढला. सगळी बस बघायला लागली.

त्यांनीच टॉवेल सोडला. महाराजांची तसबीर होती. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'कवळाणे येथील शाळेस, बडोद्याहून सप्रेम'.

"तू बघू म्हणालास ना," ते म्हणाले, "म्हणून बरोबर घेतली."

त्यांनी ती पुन्हा गुंडाळली, मी चेन लावून दिली. माफी मागायचं मला सुचलं ते वघईच्या पुढे, तोवर त्यांचा डोळा लागला होता.

रावपुऱ्याला उतरताना मी म्हणालो, "पुढच्या खेपेला नक्की."

"तारीख सांग," ते म्हणाले.

मार्चच्या दोन्ही बस भरल्यात. लोक वणी सोडायला तयार नाहीत, वायनरी तर नाहीच. पहाटे चारला निघायचं धरून मी चार वेळा कागदावर मांडून पाहिलं. तारीख अजून त्यांना दिलेली नाही.