आमची वाटचाल: शिरोलीतल्या एका मेलपासून

२०१६ च्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला. तिथले कॉम्प्युटर आम्हीच बघायचो. "लगेच या. परचेसच्या कॉम्प्युटरमधला एक मेल पाहिजे." परदेशातल्या गिऱ्हाइकाने कास्टिंगचा अख्खा लॉट नाकारला होता. सुधारित ड्रॉइंग मार्चमध्येच मेलने पाठवलं होतं, असं त्यांचं म्हणणं. फाउंड्रीचं म्हणणं, आम्हाला ते मिळालंच नाही. मेल आला होता की नव्हता एवढंच बघायचं होतं, आणि तेच बघता येईना. परचेसचा माणूस मे महिन्यात नोकरी सोडून गेला होता, त्याचा कॉम्प्युटर फॉरमॅट करून नव्या मुलाला दिला होता. मेल सगळे आउटलुकमध्ये उतरवलेले, सर्व्हरवर काही शिल्लक नाही. हॉस्टिंगवर जागा कमी पडते म्हणून 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण मीच काढली होती. लॉटचा भुर्दंड फाउंड्रीने सोसला. मालक मला एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

तोवर आमचा धंदा साधा होता. २००९ मध्ये राजारामपुरीत गाळा घेतला, कॉम्प्युटर जोडून द्यायचे, प्रिंटर दुरुस्त करायचे, वर्षाचे मेंटेनन्सचे करार करायचे. मी आणि एक मदतनीस.

त्या फाउंड्रीत बॅकअप नव्हता असं नाही. दर शनिवारी टॅलीचा नि ड्रॉइंगच्या फोल्डरचा बॅकअप आम्ही घेत होतो. पण बॅकअपमध्ये काल जे होतं ते मिळतं. कुणी परवाच पुसलेलं असेल, तर बॅकअपही त्याच्याविनाच होतो. मेल ज्या क्षणी आला किंवा गेला त्या क्षणी त्याची एक प्रत वेगळ्या जागी पडली पाहिजे, आणि ती वापरणाऱ्याला पुसता येता कामा नये. यालाच आर्काइव्ह म्हणतात, हे मला तेव्हा नीट कळलं. तयार सेवांचे दर दरमहा दर मेलबॉक्समागे होते. फाउंड्रीत चाळीस मेलबॉक्स. मालक म्हणाले, "आपल्या हापिसात आपल्या सर्व्हरवर होतंय का बघा की." मी हो म्हणालो आणि चार महिने अभ्यास केला.

आधी मेल भाड्याच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर आणला. आर्काइव्हसाठी पायलर हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निवडलं. ते स्वतःच एका एसएमटीपी (मेल पोहोचवायची पद्धत) सर्व्हरसारखं मेल स्वीकारतं, दाबून लहान करतं, कुलूपबंद करून डिस्कवर ठेवतं. कुणी पाठवला, कधी, विषय काय याची नोंद मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जाते, आणि शोधासाठी आमच्या मांडणीत स्फिंक्स या शोधाच्या सॉफ्टवेअरची सूची बनते. एकच जोडपत्र वीस जणांना गेलं तरी ते एकदाच साठवतं. ड्रॉइंगच्या जड पीडीएफ फिरवणाऱ्या कारखान्याला याचा फार उपयोग होतो.

पोस्टफिक्समध्ये 'ऑलवेज_बीसीसी' (बीसीसी म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत) ही एक ओळ टाकली की प्रत्येक मेलची प्रत आर्काइव्हकडे जाते. एका ओळीचं काम वाटतं, पण त्यात खाचा आहेत. स्पॅम गाळणीतून मेल बाहेर येऊन पुन्हा पोस्टफिक्समध्ये शिरतो, तेव्हा ती ओळ दुसऱ्यांदा लागू होते. पायलर दुसरी प्रत ओळखून टाकून देतो, पण आमची क्यू, म्हणजे पुढे जायला थांबलेल्या मेलची रांग, दुप्पट व्हायची. एका टप्प्यावर पोस्टफिक्सचा 'नो_ॲड्रेस_मॅपिंग्ज' हा पर्याय लावल्यावर ते थांबलं. शिवाय जाणाऱ्या मेलमध्ये बीसीसीत कुणाला घातलं होतं, ते या प्रतीत दिसत नाही. ते गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

मराठी शब्दांनी मला आठवडा खाल्ला. 'वाळू' शोधलं तर काहीच सापडेना, इंग्रजी मात्र चटकन सापडायचं. आमच्या त्या मांडणीत स्फिंक्सच्या अक्षरांच्या तक्त्यात देवनागरी नव्हतीच. युनिकोडमधला ०९०० ते ०९७एफ हा पट्टा तक्त्यात भरला, काना-मात्रांसकट, आणि सूची नव्याने बांधली. ती दोन रात्री चालली. सकाळी 'वाळूचा नमुना' टाइप केलं आणि तीन मेल समोर आले, तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं.

पायलर मेलना जे कुलूप घालतो, त्याची किल्ली एका छोट्या फाईलमध्ये असते. ती गेली तर डिस्कवरचं सगळं असूनही वाचता येत नाही. म्हणून ती दोन पेन ड्राइव्हवर काढून एक मालकांच्या तिजोरीत ठेवला, एक आमच्याकडे. आजही कुठलंही काम हातात घेतलं की पहिलं पाकीट किल्लीचं बनतं.

मालकांना सगळ्यांचे मेल वाचायचे होते. पायलरमध्ये 'ऑडिटर' म्हणून खातं असतं, त्याला सगळं दिसतं. मी म्हणालो, "मालक, हे खातं रोज उघडायचं नाही. कारण लिहून, दोघांच्या समोर उघडायचं. आणि माणसांना सांगा की मेलची प्रत राहते." त्यांनी नोटीस लावली. ज्या कंपनीला आर्काइव्ह गुपचूप हवं असतं, तिचं काम आम्ही आजही घेत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, वीज गेली. आर्काइव्हचा सर्व्हर पहिल्या मजल्यावर कोरडा होता, पण बंद. मेल सर्व्हर दूरच्या डेटा सेंटरमध्ये सुरू, तो प्रती क्यूमध्ये धरून बसला. पोस्टफिक्स मूळ मांडणीत पाच दिवस वाट बघतो. सहाव्या दिवशी परदेशातल्या गिऱ्हाइकांना 'आपला मेल पोहोचला नाही' असे निरोप जायला लागले, कारण बीसीसीची प्रत परतली की निरोप मूळ पाठवणाऱ्याकडे जातो. त्यांचा मेल फाउंड्रीला केव्हाच मिळाला होता. न पोहोचलेला पत्ता आर्काइव्हचा होता, त्यांनी कधी न ऐकलेला. कारखाना बुडाला असं त्यातल्या दोघा गिऱ्हाइकांना वाटलं. मी शहरात अडकलेलो. त्याच रात्री मेल सर्व्हरवरच एक मेलबॉक्स उघडला आणि प्रती तिकडे वळवल्या. आता आर्काइव्ह तिथून आयमॅपने (मेलबॉक्समधले मेल वाचायची पद्धत) प्रती ओढून घेतो; तो बंद पडला तरी बाहेर कुणाला कळत नाही. मधले सुटलेले मेल लोकांच्या मेलबॉक्समधून आत घेतले. जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा वीज गेली, प्रती मेलबॉक्समध्ये थांबल्या, वीज आल्यावर आत गेल्या. एकही मेल परतला नाही.

मुदतीचं मला एका सीएंनी शिकवलं. पायलर मूळ मांडणीत २५५७ दिवस, म्हणजे सात वर्षं मेल ठेवतो. कंपनी कायदा २०१३ चं कलम १२८ हिशेबाची पुस्तकं आणि व्हाउचर आठ आर्थिक वर्षं ठेवायला सांगतं. बिलं तर मेलनेच येतात. आम्ही दहा वर्षं केली. मुदत मेल आत येतानाच त्याच्यावर बसते, त्यामुळे जुन्या मेलची वेगळी बदलावी लागली.

वकिलांकडून दुसरी गोष्ट कळली. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून निघालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की संगणकातल्या नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात हॅश, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारी ठशासारखी खूण, लिहावा लागतो. एका गिऱ्हाइकाच्या थकबाकीच्या दाव्यासाठी आम्ही चौदा मेल मूळ रूपात काढले, प्रत्येकाचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश काढून वकिलांना दिला. सर्व्हरचं घड्याळ बरोबर असणं किती मोलाचं, ते त्या दिवशी कळलं.

आज आमच्याकडे अकरा कंपन्यांचे आर्काइव्ह आहेत आणि आम्ही पाच जण आहोत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत्येक आर्काइव्हमधून एक जुना मेल निवडून, जोडपत्रासकट उघडून बघतो आणि वहीत तारीख लिहितो.

त्या पहिल्या फाउंड्रीचा आर्काइव्ह २०१७ पासून सुरू होतो. त्याआधीचे मेल आम्ही आउटलुकच्या जुन्या पीएसटी फाईलींतून (आउटलुक मेल ज्यात साठवतो त्या) मिळतील तसे आत घालतोय. गेल्या महिन्यात मालकांच्या मुलाने स्टोअरच्या माळ्यावर सापडलेली एक हार्ड डिस्क आणून दिली. निम्मी वाचून झालीय. अकराशे मेल निघाले, सगळे २०१४ चे. उरलेली अजून टेबलावर चालू आहे.